आदर्श रुग्णाचा खोकला

वाचनालयाच्या मोठ्या दालनात ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, पण ती वाचायची गरज कुणाला पडत नसे. पाटीच्या बरोबर खाली सहायक ग्रंथपाल स्वतः बसत. वाचक मंडळी पाठीमागे त्यांना ‘चिडीचूप’ म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. उलट आपल्या कामाची कुणीतरी दखल घेतली म्हणून त्यांना जरा बरंच वाटलं.

ही शांतता त्यांनी पोटच्या पोरीसारखी वाढवली होती. खुर्च्यांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे त्यांनी आपल्या हातांनी बांधले होते. वर्तमानपत्राचं पान उलटण्याआधी ते मधोमध कसं दुमडावं, म्हणजे फडफड होत नाही, हे नव्या सभासदाला ते करून दाखवत. आणि त्यांचा एक नियम होता, वळणदार अक्षरात लिहून खांबावर लावलेला: ‘सलग तीन वेळा खोकणाऱ्या वाचकाने कृपया व्हरांड्यात जावे.’ एकदा खोकला तर माणूस आहे म्हणून सोडून द्यायचं. दुसऱ्यांदा खोकला तर चष्म्यावरून बघायचं. तिसऱ्या खोकल्याला ते नुसतं बोट उचलून व्हरांड्याकडे दाखवत. एका निवृत्त हेडमास्तरांना त्यांनी असं बोट दाखवलं, तेव्हा ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना वर्गाबाहेर काढलं तो माणूस अग्रलेख अर्धवट टाकून निमूटपणे उठला. त्यानंतर हेडमास्तर व्हरांड्यातच बसून वाचू लागले. मात्र रोज खिडकीच्या काचेतून ते चिडीचुपांकडे असं काही बघत, जणू यांची उत्तरपत्रिका अजून तपासायची आहे.

आणि अशा माणसाला खोकला झाला.

साधा सर्दीचा खोकला असता तर गोष्ट वेगळी होती. तो येतो, पाहुणचार घेतो आणि जातो. हा कोरडा होता. घशात कुणीतरी पीस फिरवतंय असं वाटायचं, आणि एकदा सुरू झाला की तीनावर थांबायचा नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तो रुमालात दाबला. दुसऱ्या दिवशी टेबलाखाली वाकून, काहीतरी पडलं आहे असं दाखवत खोकून घेतलं. पण माणसाच्या हातून दिवसाला किती वस्तू पडाव्यात याला काही मर्यादा असते. चौथ्या दिवशी ऐन संध्याकाळी, भरलेल्या दालनात ते खोकले. एकदा. दोनदा. सगळी डोकी वर आली. तिसरा खोकला आला तेव्हा खिडकीबाहेर हेडमास्तर उभे राहिले होते. त्यांनी काचेवर हलकेच टकटक केली आणि अत्यंत सौजन्याने व्हरांड्यातल्या आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

नियम स्वतःच्या अक्षरातला होता. चिडीचूप उठले, टेबलावरचे कागद नीट लावले आणि मान ताठ ठेवून व्हरांड्यात गेले.

पुढचे काही दिवस वाचनालयाचा कारभार व्हरांड्यातून चालला. आत कुणी कुजबुजलं की चिडीचूप काचेवर टकटक करत, त्या टकटकीने दहाजण दचकत, आणि ते सॉरी म्हणायला आत आले की खोकत. एका दुपारी वाचनालयाचे सेक्रेटरी अचानक आले, तर आत तीन कॉलेजकुमार क्रिकेटवर वाद घालत होते, एक बाई फोनवर कुणाला तरी झापत होत्या आणि शांततेचे रखवालदार बाहेर झाडाच्या कुंडीत खोकत होते.

“हे बघा, तुमच्याविषयी आम्हाला आदरच आहे,” सेक्रेटरी म्हणाले. असं वाक्य सुरू झालं की पुढे काय येणार हे नोकरी केलेल्या प्रत्येकाला कळतं. “पण दालनात हे बरं दिसत नाही. या महिनाअखेरपर्यंत आटोक्यात आलं तर उत्तम. नाहीतर तुम्ही खाली तळघरात बसा. जुनी मासिकं लावायची आहेतच. तिथे तुम्हाला कुणाचा त्रास नाही.”

तळघरात धूळ होती, एक दिवा होता, आणि खरंच कुणाचा त्रास नव्हता, कारण तिथे कुणी जातच नसे. चिडीचुपांना त्या तळघराची भीती वाटली. पण त्याहून मोठी भीती आधीपासूनच होती, ती ते कुणाला दाखवत नव्हते. त्यांचे वडील असेच खोकत. वर्षभर खोकत होते. घरात सगळ्यांना त्या आवाजाची सवय झाली होती. मग एका दुपारी तो आवाज थांबला, आणि तो थांबला म्हणून सगळे हातातलं टाकून आतल्या खोलीकडे धावले. तेव्हा चिडीचुपांचं नुकतंच लग्न झालं होतं. धावणाऱ्यांत सगळ्यात पुढे नवी सून होती.

या गोष्टीचा उच्चार नवरा-बायकोने आता एकदाही केला नाही. तिने फक्त एवढंच म्हटलं, “अहो, दाखवून या. टाळाटाळ नको.”

ते छातीच्या डॉक्टरांकडे गेले. छातीचे डॉक्टर घाईचे गृहस्थ होते. प्रश्न विचारायचे आणि उत्तर यायच्या आत पुढच्या प्रश्नावर जायचे. “विडी-सिगारेट? दमा? घरात कुणाला? ताप? औषधं चालू आहेत कुठली?”

“नाही, खोकल्यासाठी काहीच घेत नाही,” चिडीचूप म्हणाले, आणि त्यांच्या मते ते खरं होतं.

एक्स-रे झाला. मग फुंकायची तपासणी झाली. एका नळीत तोंड घालून जोरात फुंकायचं आणि समोर एक मुलगी ओरडणार, “फुंका फुंका फुंका, अजून, अजून, सोडायचं नाही!” इतक्या वर्षांत त्यांच्याशी इतक्या मोठ्या आवाजात कुणी बोललं नव्हतं. त्यांचा अर्धा श्वास धक्क्यानेच गेला. तरी रिपोर्ट आला तो नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, कधीकधी पोटातल्या आम्लाने असं होतं. मग पोटाचे डॉक्टर. त्यांनी घशातून कॅमेरा खाली सोडला, आतली प्रवासवर्णनं रंगीत छापून दिली आणि सांगितलं, पोट छान आहे. मग ॲलर्जीचे डॉक्टर. त्यांनी दोन्ही दंडांवर ओळीने थेंब टाकून टोचलं, आणि त्यातली एकही जागा फुगली नाही. प्रत्येक दारातून बाहेर पडताना खिसा हलका होत होता आणि फाइल जड होत होती. आताशा ‘नॉर्मल’ हा शब्द ऐकला की चिडीचुपांना अपमान झाल्यासारखं वाटायचं. इतकं खोकून जर आपण नॉर्मल असू, तर मग आपल्याला कुणी मनावर घेणार तरी कधी?

विम्याच्या कार्यालयात तर कमालच झाली. खिडकीमागच्या कारकुनाने फाइल उलटसुलट बघितली.

“आजाराचं नाव?”

“खोकला.”

“खोकला हे लक्षण झालं. आजार सांगा.”

“तोच तर शोधतोय.”

“मग सापडला का?”

“नाही ना. सगळं नॉर्मल आलंय.”

“म्हणजे काका, कागदोपत्री तुम्ही ठणठणीत आहात. ठणठणीत माणसाला उपचाराचे पैसे कसे देणार?” यावर चिडीचुपांना असा खोकला आला की टेबलावरचे शिक्के हलले. कारकून मनाने वाईट नव्हता. त्याने आपल्यापुढचा पाण्याचा ग्लास सरकवला आणि हळू आवाजात म्हणाला, “काहीतरी निघालं की या. छोटंसं असलं तरी चालेल.”

इकडे घरी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आघाडी उघडली होती. काकूंचं शिक्षण कशात झालं होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण सल्ला त्या तज्ज्ञाच्या वरताण देत. “पडदे!” त्या दारातूनच म्हणाल्या. “पडद्यात धूळ असते. आधी पडदे काढा.” पडदे निघाले. त्याबरोबर समोरच्या इमारतीतले एक सद्गृहस्थ थेट नजरेत आले. सकाळी चहा पिताना ते हात हलवत आणि चिडीचुपांनाही बनियनवर हात हलवावा लागे. मग काकूंनी उशा बदलायला लावल्या. नव्या उशांनी मान अवघडली, तेव्हा मानेला पट्टा आला. मग काकूंनी येऊन-जाऊन असणाऱ्या मांजरीला दोषी ठरवलं. मांजर घरची नव्हतीच, त्यामुळे तिला हाकलायचा अधिकार कुणाचा हाही प्रश्न होता. शेवटी काकूंची नजर पुस्तकांच्या कपाटांवर गेली.

“ही सगळी बाल्कनीत!”

“काकू, ती विषयवार लावलेली आहेत,” चिडीचूप कळवळले.

“खोकलाही विषयवारच येतोय!” काकू म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या.

पुस्तकं चादरीखाली बाल्कनीत गेली आणि त्यांच्यावर मांजर बसली. पट्टा बांधलेल्या मानेने, उघड्या खिडकीत, समोरच्या गृहस्थांच्या साक्षीने चिडीचूप खोकत राहिले. बायको स्वयंपाकघरात काम करता करता त्या आवाजावरून त्यांचा ठावठिकाणा ओळखू लागली होती. खोकला बाल्कनीत असला म्हणजे पुस्तकं बघतायत. खोकला न्हाणीघरात असला म्हणजे पाणी तापलं का विचारणार. ती सहज म्हणायची, “मला आता घरभर फिरून बघावं लागत नाही.” पण हे म्हणताना ती त्यांच्याकडे बघत नसे.

आता एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी, जी चिडीचुपांनी एकाही डॉक्टरांना सांगितली नव्हती. खोकला सुरू होण्याच्या महिनाभर आधी त्यांना रक्तदाबाची गोळी लागली होती. ती ते रोज सकाळी न चुकता घेत, पण ती औषध आहे हे त्यांच्या लेखी केव्हाच संपलं होतं. दात घासणं, गोळी घेणं, पेपर उघडणं, तसं. शिवाय त्यांच्या डोक्यातही वाचनालयच होतं. त्यांच्या मते रक्तदाब हे हृदयाच्या कपाटातलं पुस्तक आणि खोकला हे छातीच्या कपाटातलं. एका कपाटातलं पुस्तक दुसऱ्यात ठेवणारा माणूस त्यांना चोराहून वाईट वाटे. चोर निदान पुस्तक घेऊन तरी जातो.

बायकोने एकदा सुचवलंही. “त्या रक्तदाबाच्या डॉक्टरांना सांगून बघा ना एकदा.”

“त्यांना कशाला? अगं, ते हृदयाचे. हा छातीचा विषय आहे.”

“हृदय काय पायात असतं का?”

यावर चिडीचूप नुसतेच खोकले.

पण खरं कारण कपाटांचं नव्हतंच. खरं कारण असं होतं की रक्तदाबाचे डॉक्टर त्यांना ‘आदर्श रुग्ण’ म्हणत. पहिल्याच तपासणीत पारा असा जागेवर आला होता की डॉक्टर दार उघडून बाहेरच्या बाकांवरच्या लोकांना म्हणाले, “यांच्याकडून शिका! याला म्हणतात नियमितपणा!” शाळेत चिडीचुपांच्या प्रगतिपुस्तकावर कायम ‘बरा’ असाच शेरा असे. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनीही ‘मुलगा बरा आहे’ असंच म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते कशाततरी पहिले आले होते, आणि पहिला आलेला मुलगा उठून सांगतो का, की मास्तर, मला खोकला होतो? त्यामुळे त्या दवाखान्यात शिरताना ते गालात पेपरमिंटची गोळी ठेवत. ती विरघळेपर्यंत खोकला दबून राही, डॉक्टर पट्टा गुंडाळत, आकडा बघून खूश होत, आणि आदर्श रुग्ण रस्त्यावर येऊन, विजेच्या खांबाला धरून, जीव कासावीस होईपर्यंत खोकत.

महिनाअखेर जवळ आली. तळघराची किल्ली सेक्रेटरींनी टेबलावर आणून ठेवली होती. आणि त्याच आठवड्यात रक्तदाबाच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी आपल्या रुग्णांचा मेळावा भरवला होता, आणि ‘मी रक्तदाबावर विजय कसा मिळवला’ या विषयावर चिडीचुपांनी दोन शब्द बोलायचे होते.

“जाऊ नका,” बायको म्हणाली. “बोलायला उभे राहिलात की उबळ येईल.”

“मोजून बोलणार आहे. पेपरमिंट आहेत.”

पेपरमिंटचा हिशोब चोख होता, पण त्यात प्रास्ताविक धरलेलं नव्हतं. जगात कुठेही सभा असो, प्रास्ताविक करणारा माणूस मुख्य वक्त्याचा वेळ घेतो. डॉक्टरांनी हृदयाच्या रचनेपासून सुरुवात केली. चिडीचूप मंचावर हार घालून बसले होते आणि गालातल्या गोळ्या एकामागून एक विरघळत होत्या. शेवटची संपली तेव्हा डॉक्टर मिठापर्यंत आले होते. “आणि आता,” ते अखेर म्हणाले, “ज्यांच्याकडे बघून मला वाटतं की माझं डॉक्टर होणं सार्थकी लागलं, ते माझे आदर्श रुग्ण!”

टाळ्या झाल्या. चिडीचूप माइकसमोर उभे राहिले. सभागृह गच्च भरलं होतं. तिसऱ्या रांगेत त्यांना निवृत्त हेडमास्तर दिसले, एक गाल किंचित फुगलेला.

“मित्रहो, नियमितपणा म्हणजे,” एवढंच ते म्हणाले.

पहिला खोकला माइकने सगळ्या भिंतींवर आपटला. मग दुसरा. ते माइकपासून दूर सरले, पण तिसरा त्यांच्याआधी पोचला. तिसऱ्या रांगेत हेडमास्तरांचा हात आपोआप वर गेला, बोट दाराकडे वळू लागलं. इतके दिवस ते ज्याची वाट बघत होते तो क्षण भर सभेत आला होता. आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या तोंडातून पेपरमिंटची गोळी उडाली, पुढच्या बाईंच्या अंबाड्यात अडकली, आणि हेडमास्तर खोकू लागले. कोरडा, न थांबणारा, अगदी तोच खोकला. त्यांच्यामागे एक शिंपीकाका खोकले. मग कोपऱ्यातल्या एक आजी, पदराने तोंड दाबून. चार-पाच जणांनी गालातल्या गोळ्या घाईघाईने दुसऱ्या गालात सरकवल्या.

डॉक्टर उभेच राहिले. मग त्यांनी माइक बंद केला आणि चिडीचुपांजवळ आले.

“हा कधीपासूनचा?”

“गोळी लागल्यावर... महिन्याभराने.”

“अहो, मग मला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” चिडीचूप म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, “आणि तुम्ही मला आदर्श म्हणालात.”

डॉक्टर मंचाच्या कडेला खाली बसले. “ही गोळी काही जणांना सोसत नाही,” ते म्हणाले. “असाच कोरडा खोकला येतो. आम्हाला हे शिकताना सांगितलेलं असतं. मी आपला आकडा बघून खूश होत राहिलो. चूक माझी आहे. गोळी तुमच्या मनाने बंद करू नका, मी आत्ता बदलून देतो. पूर्ण जायला थोडे आठवडे लागतील.”

“म्हणजे छातीत काही नाही?”

“छाती चांगली आहे तुमची.”

इतक्या ठिकाणी ‘नॉर्मल’ ऐकून जे झालं नव्हतं ते आता झालं. चिडीचुपांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांना फार भीती वाटली होती, रोज वाटत होती, आणि ती एकट्याने बाळगून ते थकून गेले होते. लोकांना वाटलं, खोकून खोकून आलं असेल पाणी.

मेळावा मग दवाखान्यात हलला, रांग लागली. रांगेत हेडमास्तर त्यांच्यापुढेच होते.

“सर,” चिडीचूप हळूच म्हणाले, “मी तुम्हाला तेव्हा व्हरांड्यात...”

“हवेशीर होतं,” हेडमास्तर म्हणाले. “पण अग्रलेख तिथे उडतात.”

दुसऱ्या दिवशी खांबावरचा नियम उतरला. हेडमास्तर आत आले, आपल्या जुन्या खुर्चीत बसले आणि आधी सेक्रेटरींना बोलावून त्यांना असं काही ऐकवलं की सेक्रेटरींना आपण पुन्हा सातवीत असल्यासारखं वाटलं. तळघराची किल्ली गुपचूप परत गेली. आता दालनात कुणी तीनदा खोकलं की चिडीचूप उठतात, पाण्याचा ग्लास घेऊन त्याच्याजवळ जातात आणि कानात विचारतात, “रक्तदाबाची गोळी चालू आहे का? मग आधी त्याच डॉक्टरांना सांगा. लाजू नका.” या चौकशांमुळे दालनात पूर्वीपेक्षा बरीच जास्त कुजबुज असते, पण त्याबद्दल त्यांना कुणी बोट दाखवत नाही.

खोकला सांगितल्याप्रमाणेच ओसरत गेला. आधी दोन उबळींच्या मध्ये पेपर वाचून होऊ लागला, मग अख्खी सकाळ कोरडी जाऊ लागली. पुस्तकं बाल्कनीतून आत आली, विषयवार. पडदे लागले, आणि समोरच्या गृहस्थांना जरा वाईट वाटलं.

एका रविवारी दुपारी चिडीचूप आतल्या खोलीत खुर्चीवर पुस्तक वाचत बसले होते. घर शांत होतं, त्यांना आवडे तसं, आणि ते पुस्तकात पार बुडाले होते. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता तो एकदम थांबला. मग हातातलं काहीतरी खाली पडलं, आणि धावत येणारी पावलं ऐकू आली. बायको दारात उभी होती. दोन्ही हात पिठाने भरलेले, चेहरा पांढरा.

त्यांनी पुस्तकातून मान वर केली. नव्या नवरीपणी ती असंच धावली होती, ते दोघांनाही आठवलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “म्हटलं, चहा टाकू का.”

ती परत गेली. भांडी वाजायला लागली, पण थांबत थांबत, कान इकडे ठेवून. चिडीचुपांनी पुस्तक मिटलं. घशात काहीच नव्हतं, घसा अगदी स्वच्छ होता. तरी त्यांनी तोंडाशी मूठ धरली आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने एकदा खोकून दाखवलं.